अभ्यासिकेतील दिवा : इन्व्हर्टर कसा निवडावा, कसा वापरावा



साताऱ्यातील ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भीमरावाचे नाव दाखल झाले, त्या शाळेचा उल्लेख आपल्या प्रत्येक कार्यक्रमात होतो. २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या काळी साताऱ्यात घरोघरी वीज नव्हती. रात्री वाचायचे तर तेलाचा दिवा हाच आधार. आज वीज घरोघरी आली आहे, पण ती हव्या त्या वेळी असेलच याची खात्री मात्र डोंगरातल्या वाडीवर आणि माळावरच्या वस्तीवर अजूनही देता येत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री वादळाने तार तुटली, तर विद्यार्थ्याचे नुकसान कोणी भरून देत नाही.

म्हणूनच अनेक गावांतून विहाराला जोडून अभ्यासिका सुरू झाल्या, तसा तेथे इन्व्हर्टर घेण्याचा प्रश्न पुढे आला. आमच्या कार्यकारिणीने या कामी एकदा चांगलीच ठेच खाल्ली आहे. ती ठेच इतरांना लागू नये, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत. यात कोणत्याही कंपनीची शिफारस नाही. दुकानात जाण्यापूर्वी कोणता हिशोब करावा आणि यंत्र बसवल्यावर ते कसे सांभाळावे, एवढेच सांगायचे आहे.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी वर्गणी जमवून आम्ही डोंगरी भागातील एका अभ्यासिकेसाठी इन्व्हर्टर घेतला. पैसे थोडे होते. दुकानदाराने स्वस्तातला इन्व्हर्टर दाखवला आणि बॅटरी म्हणून ट्रकची बॅटरी दिली. "बॅटरी ती बॅटरी, सगळ्या सारख्याच," असे तो म्हणाला आणि आम्ही ते मानले. उद्घाटन झाले, नारळ फुटला, फोटो निघाले. पहिले दोन महिने दिवे रात्री अकरापर्यंत चालले. मग नऊपर्यंत. आठव्या महिन्यात, नेमक्या दहावीच्या परीक्षेच्या आठवड्यात, दिवे वीस मिनिटांत विझू लागले. मुले पुन्हा घरी जाऊन चिमणीच्या उजेडात बसली. एका मुलीने आम्हाला विचारले, "काका, पावती आमच्या आईने पण फाडली होती ना?" तिला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हते.

पुढे जाणत्या वायरमनला दाखवल्यावर कारण कळले. ट्रकची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली असते. तिच्यातील पट्ट्या पातळ असतात. काही सेकंद मोठा प्रवाह द्यायचा आणि लगेच पुन्हा भरून घ्यायचे, हे तिचे काम. रोज रात्री हळूहळू रिकामी होणे तिला सोसत नाही. त्याहून मोठा दोष आमचा होता. किती दिवे, किती पंखे, किती तास, हा साधा हिशोबही आम्ही केला नव्हता. खेरीज अभ्यासिकेतली ही यंत्रणा लग्नाच्या मांडवात ध्वनिक्षेपकासाठी दोनदा नेऊ दिली होती. तेव्हा दुकानदाराला बोल लावण्यापेक्षा स्वतः शिकलेले बरे, असे आम्ही ठरवले.

इन्व्हर्टर म्हणजे काय

बॅटरीत आणि सौर पॅनेलमध्ये मिळणारी वीज एकदिश असते. ती एकाच दिशेने वाहते. आपल्या घरातील दिवे-पंखे मात्र २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती विजेवर चालतात, म्हणजे ती वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरा करते. बॅटरीच्या १२, २४ किंवा ४८ व्होल्टच्या एकदिश विजेचे २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. तो स्वतः वीज निर्माण करीत नाही आणि साठवीतही नाही. साठवण बॅटरीची, निर्मिती पॅनेलची, आणि इन्व्हर्टरचे काम मधल्या दुभाष्याचे. हे ध्यानात ठेवले, तर "मोठा इन्व्हर्टर घेतला की जास्त वेळ दिवे चालतात" हा सर्वत्र आढळणारा गैरसमज दूर होईल. इन्व्हर्टरच्या आकारावरून एका वेळी किती वस्तू चालतील ते ठरते. किती वेळ चालतील, ते बॅटरीवर अवलंबून असते.

विहिरीचे उदाहरण घ्या. मोटारीवरून पाणी किती जोराने येईल ते ठरते, पण किती वेळ येईल ते विहिरीतल्या साठ्यावर. लहान विहिरीवर मोठी मोटार बसवली, तर ती विहीर लवकर कोरडी पाडते, इतकेच.

तीन प्रकार नीट ओळखा

बाजारात 'सोलर इन्व्हर्टर' या एकाच नावाखाली तीन वेगळी यंत्रे मिळतात. येथेच बहुतेकांची फसगत होते.

(१) जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर. याला बॅटरी नसते. पॅनेलची वीज तो महावितरणच्या तारेत सोडतो आणि बिल कमी करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरांना १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान ठरले, ते जाळ्याला जोडलेल्या अशाच यंत्रणेसाठी. मात्र बाहेरची वीज गेली की हा इन्व्हर्टरही बंद पडतो, भर दुपारी ऊन असले तरी. तो बिघाड नव्हे. ती मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. वीज बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती असते. "सोलर बसवले, तरी लाईट गेली की अंधारच," अशी तक्रार करणाऱ्यांना हे कोणी आधी सांगितलेले नसते.

(२) स्वतंत्र, म्हणजे ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर. पॅनेल, बॅटरी आणि इन्व्हर्टर एवढ्यावर चालतो. बाहेरच्या तारेशी संबंध नसला तरी चालते. जेथे वीज पोहोचलेली नाही किंवा वारंवार जाते, तेथे हा उपयोगी.

(३) हायब्रिड. याला बॅटरीही असते आणि बाहेरची वीजही जोडता येते. सोय जास्त, किंमतही जास्त.

अभ्यासिकेचा हेतू दिवा विझू न देणे हा असल्यामुळे दुसरा किंवा तिसरा प्रकारच आपल्या कामाचा. विचारताना दुकानदाराला एकच प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा : "बाहेरची वीज गेल्यावर हे चालेल का, आणि किती तास?"

आपल्या दोन जिल्ह्यांची स्थिती

कोयना धरण सातारा जिल्ह्यात. कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. तरीही शिवसागर जलाशयाच्या पलीकडील वाड्यांत पावसाळ्यात एक झाड तारेवर पडले, तर दुरुस्तीची माणसे पोहोचायलाच वेळ लागतो. मोठी वीज जवळून जाते म्हणून आपल्या घरातला दिवा खात्रीचा होत नाही, हे येथील लोकांना वेगळे सांगायला नको.

सांगलीकडे चित्र निराळे आहे. जत, आटपाडी, कवठे महांकाळ भागात लोक गावठाणापासून दूर, आपापल्या रानात वस्ती करून राहतात. तार लांबवर ओढलेली, त्यामुळे दाब कमी. सायंकाळी दिवा लालसर होतो, पंखा जेमतेम फिरतो. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाला दहा-बारा तासांचे भारनियमनही सोसले. तो काळ मागे पडला, पण त्याच वेळी घरोघरी घाईने घेतलेल्या इन्व्हर्टरच्या सवयी, चांगल्या आणि वाईट, अजून चालू आहेत.

दोन्हीकडे ऊनही सारखे नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जत-आटपाडीकडे साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून जतला पुरेल ती यंत्रणा पाटण किंवा जावळीच्या डोंगरात आषाढ-श्रावणात पुरणार नाही. आणि वर्षावासातील सायंकाळचे ग्रंथवाचन नेमके याच दिवसांत असते. डोंगरी गावाने आपला हिशोब मे महिन्याच्या उन्हावर न करता श्रावणाच्या ढगावर करावा.

आधी हिशोब, मग खरेदी

आता मुख्य भाग. एक कोरा कागद घ्या. त्यावर चार रकाने आखा : वस्तू, वॅट, संख्या, तास. या सर्वांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट.

आमच्या अभ्यासिकेचा कागद असा होता.

२० वॅटच्या ६ एलईडी नळ्या, रोज ६ तास : ७२० वॅट-तास.
७५ वॅटचे ४ जुने पंखे, ६ तास : १८०० वॅट-तास.
६० वॅटचा एक लॅपटॉप, ४ तास : २४० वॅट-तास.
एकूण : २७६० वॅट-तास.

कागद पाहताच चोर सापडला. दिव्यांना लागते त्याच्या अडीच पट वीज पंखे खात होते. आज बीएलडीसी नावाचे पंखे मिळतात. ते साधारण ३० वॅटवर तेवढाच वारा देतात. चार पंखे बदलले तर त्यांचा खर्च १८०० वरून ७२० वर येतो आणि एकूण बेरीज १६८० वॅट-तास होते.

पुढे बॅटरी. इन्व्हर्टर रूपांतर करताना काही वीज उष्णतेत घालवतो. तो १०० पैकी ८५ देतो असे धरा. म्हणजे १६८० साठी बॅटरीतून सुमारे २००० वॅट-तास काढावे लागतील. शिसे-आम्लाची बॅटरी दीर्घकाळ टिकवायची असेल, तर रोज तिच्यातील निम्मीच वीज वापरावी. म्हणजे बॅटरीची क्षमता ४००० वॅट-तास हवी. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाच्या एका बॅटरीत १२ गुणिले २००, म्हणजे २४०० वॅट-तास मावतात. दोन बॅटऱ्यांत ४८००. काम झाले, थोडी शिल्लकही राहिली.

जुनेच पंखे ठेवले असते तर? २७६० ला ०.८५ ने भागा, त्याची दुप्पट करा : सुमारे ६५०० वॅट-तास. दोनऐवजी तीन बॅटऱ्या लागतात. २४ व्होल्टच्या जोडणीत बॅटऱ्या जोडीने वाढतात, म्हणजे प्रत्यक्षात चार. चार पंख्यांच्या किमतीत दोन बॅटऱ्या वाचल्या, आणि त्या दर काही वर्षांनी बदलायचा खर्चही वाचला. म्हणून आमचे पहिले सांगणे हे की, इन्व्हर्टर घेण्यापूर्वी दिवे आणि पंखे बदला. वाचवलेली वीज सर्वांत स्वस्त असते.

इन्व्हर्टर किती मोठा

एका वेळी सर्व चालू असेल तेव्हाचे वॅट मोजा. दिवे १२०, पंखे १२०, लॅपटॉप ६०, एकूण ३००. कार्यक्रमाच्या दिवशी ध्वनिक्षेपकाचे २०० धरले तरी ५००. इन्व्हर्टरवर मात्र वॅट न लिहिता बहुधा 'व्हीए' लिहिलेले असते. ते वॅटपेक्षा मोठे दिसते. व्हीएला ०.८ ने गुणले की साधारण वॅट मिळतात. १००० व्हीए म्हणजे ८०० वॅट. पुस्तिकेत वॅटचा आकडा दिला असेल तर तोच खरा मानावा.

मोटार असलेल्या वस्तू, म्हणजे फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटार, सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतात. अर्ध्या अश्वशक्तीची पाण्याची मोटारसुद्धा लहान इन्व्हर्टरला खाली बसवते. इस्त्री, हीटर, शेगडी यांना तर अभ्यासिकेच्या इन्व्हर्टरवर जागाच देऊ नये. १००० वॅटची इस्त्री एक तास चालवली, तर सर्व नळ्यांची आठ तासांहून अधिकची वीज संपते.

उलट चूकही होते. "पुढे लागेल" म्हणून कोणी तीन-चार पट मोठा इन्व्हर्टर घेतात. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतःसाठी वीज घेतो. तो १५ वॅट घेत असेल, तर २४ तासांत ३६० वॅट-तास गेले. आमच्या लॅपटॉपला लागते त्याच्या दीडपट! मोठ्या यंत्राची ही भूक आणखी मोठी. म्हणून खरेदीपूर्वी 'विनाभार खप' किती ते विचारावे, आणि अभ्यासिका बंद करताना इन्व्हर्टरही बंद करावा. पॅनेलकडून बॅटरी भरणे त्याविना चालू राहते का, हेही विचारून घ्यावे. वेगळा चार्ज कंट्रोलर असेल तर राहते.

साइन वेव्ह की स्क्वेअर वेव्ह

महावितरणची वीज लाटेसारखी हळुवार चढते-उतरते. तिला साइन वेव्ह म्हणतात. स्वस्त इन्व्हर्टरची वीज पायरीसारखी एकदम उडी घेते. ती स्क्वेअर वेव्ह. साधा दिवा तिच्यावर चालतो, पण पंखा घुंघुं आवाज करतो, मोटारी तापतात, काही अडॅप्टर आणि ध्वनिक्षेपक कुरकुर करतात. शांततेत वाचायला बसलेल्या मुलांच्या डोक्यावर चार पंखे घोंघावत असतील, तर पैसे वाचवून काय मिळवले? शुद्ध साइन वेव्हच घ्यावा.

बॅटरी कोणती

शिसे-आम्लातील ट्युब्युलर बॅटरी रोजच्या वापरासाठी बनवलेली असते. ती जड असते, तिच्यात पाणी घालावे लागते, पण खेड्यातही तिची दुरुस्ती करणारा मिळतो. सौर वापरासाठी 'सी-१०' असे लिहिलेली घ्यावी. तिची क्षमता दहा तासांत रिकामी करण्याच्या हिशोबाने सांगितलेली असते. 'सी-२०' चा आकडा वीस तासांच्या हिशोबाचा, म्हणून तीच बॅटरी कागदावर मोठी दिसते. दोन दुकानांतील भाव ताडताना हा फरक पाहावा.

लिथियम बॅटरीत लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार घरगुती वापराला योग्य. तिच्यातील ८० टक्के वीज रोज बेलाशक काढता येते, पाणी घालावे लागत नाही, आयुष्य बरेच अधिक. आमच्या २००० वॅट-तासांसाठी २५०० वॅट-तासांची लिथियम बॅटरी पुरते, जेथे शिसे-आम्लाची ४००० ची लागते. किंमत सुरुवातीला जास्त. शिवाय इन्व्हर्टर आणि चार्जर लिथियमला चालणारे हवेत. जुन्या इन्व्हर्टरला न विचारता ती जोडू नये.

जुनी आणि नवी, लहान आणि मोठी बॅटरी एका माळेत कधीही जोडू नये. दुबळा बैल जोडीला बांधला की नांगर त्याच्याच चालीने चालतो आणि सशक्त बैलही थकतो.

पॅनेल किती

बॅटरीतून रोज २००० वॅट-तास काढायचे, तर भरताना होणारी घट धरून २५०० वॅट-तास आले पाहिजेत. आपल्याकडे १ किलोवॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण ४ युनिट देते. म्हणजे ६२५ वॅट किमान हवे. आज ५४० वॅटच्या आसपासची पॅनेल्स सर्रास मिळतात. तशी दोन घेतली तर जतमध्ये ऐसपैस, आणि डोंगरातही पावसाळ्याचे बरेच दिवस निभावतात. झडीच्या आठवड्यात मात्र बाहेरची वीज असेल तेव्हा तिच्यावर बॅटरी भरण्याची सोय ठेवावीच.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर असतो. त्याचे दोन प्रकार, पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. मोठ्या पॅनेलचा दाब सुमारे ४० व्होल्ट असतो. २४ व्होल्टच्या बॅटरीला पीडब्ल्यूएम लावला, तर वरचा दाब वाया जातो आणि ५४० वॅटमधून साडेतीनशेच्या आसपास हाती लागतात. एमपीपीटी त्या जादा दाबाचे प्रवाहात रूपांतर करतो. मोठ्या पॅनेलला एमपीपीटीच घ्यावा. शिसे-आम्लाची बॅटरी तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याच्या प्रवाहाने, म्हणजे २०० ची असेल तर २० अँपिअरने भरणे उत्तम. कंट्रोलरवर ती मर्यादा बसवून घ्यावी.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण १७ अंश कलते बसवावे. आपले अक्षांश तेवढेच आहेत. एका फांदीची सावलीसुद्धा उत्पादन फार घटवते. आठवड्यातून एकदा सकाळी, पॅनेल तापण्यापूर्वी, साध्या पाण्याने धूळ धुवावी.

जोडणी आणि धोका

येथे काटकसर करू नये. ६०० वॅट काढताना २३० व्होल्टच्या बाजूला तीन अँपिअरही वाहत नाहीत, पण १२ व्होल्टच्या बाजूला ५० हून अधिक वाहतात. घरातली साधी वायर तेथे लावली, तर ती तापून वितळते. म्हणून बॅटरीची केबल जाड आणि शक्य तितकी आखूड हवी. २४ व्होल्ट घेतले तर प्रवाह निम्मा होतो. आम्ही दोन बॅटऱ्यांची माळ करून २४ व्होल्ट घेतले, त्याचे कारण हेच.

बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा. एमसीबी लावायचा तर तो एकदिश विजेसाठीचा, म्हणजे डीसी लिहिलेलाच लावावा. घरगुती एमसीबी एकदिश विजेची ठिणगी नीट तोडू शकत नाही. अर्थिंग असलेच पाहिजे.

बाहेरची वीज आणि इन्व्हर्टरची वीज एकमेकांत कधीही मिसळता कामा नये. वीज गेल्यावर कोणी प्लगला वायर लावून इन्व्हर्टरची वीज घरच्या फिटिंगमध्ये उलटी सोडतात. ती खांबापर्यंत जाऊ शकते. खांबावर चढलेला कोणाचा तरी मुलगा असतो. चेंज ओव्हर स्विच परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा.

शिसे-आम्लाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो. तो स्फोटक असतो. म्हणून बॅटरी बंद कपाटात ठेवू नये, हवा खेळती ठेवावी, जवळ मेणबत्ती, उदबत्ती, विडी नेऊ नये. पाना वापरताना हातातील अंगठी, कडे, बांगडी काढावी. आम्ल अंगावर उडाल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे, डोळ्यात गेल्यास धुऊन तडक दवाखाना गाठावा.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. २०२१ च्या जुलैतही पूर आला. नदीकाठच्या गावांत सुरक्षिततेसाठी वीज बंद ठेवावी लागते, आणि अशा वेळी मोबाइल चार्ज करण्यापुरती वीजसुद्धा मोलाची ठरते. पण जिन्याखाली जमिनीवर ठेवलेला इन्व्हर्टर सर्वांत आधी बुडतो. पूररेषेतील गावांनी तो वरच्या मजल्यावर किंवा उंच कट्ट्यावर ठेवावा. पाणी शिरलेली यंत्रणा वाळल्यासारखी दिसली तरी तपासून घेतल्याशिवाय सुरू करू नये.

रोजची निगा

(१) महिन्यातून एकदा पाण्याची पातळी पाहावी. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे, बोअरचे किंवा ॲसिड कधीही नाही.
(२) टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आली, तर स्विच बंद करून कोमट पाण्याने पुसावी आणि पेट्रोलियम जेली लावावी.
(३) १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी काही तास विश्रांती दिल्यावर मीटरने मोजावी. १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. ११.८ दिसले तर फार उशीर केला असे समजावे.
(४) रिकामी बॅटरी तशीच ठेवू नये. उन्हाळी सुटीत अभ्यासिका बंद असली, तरी बॅटरी भरलेली राहील असे पाहावे.
(५) बिल संस्थेच्या नावे घ्यावे, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्यावा, आणि दोन्ही खजिनदाराच्या फायलीत ठेवावे.
(६) मेलेली बॅटरी भंगारात फोडायला देऊ नये. शिसे विषारी आहे, लहान मुलांना तर फारच. बॅटरी कचरा नियम २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती विक्रेत्याकडे परत द्यावी, नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते.

किल्ली कोणाकडे

सार्वजनिक यंत्र बिघडते ते बहुधा कोणाचेच नसते म्हणून. आता आमच्या अभ्यासिकेत भिंतीला एक वही टांगली आहे. आठवड्याला दोन विद्यार्थी पाळीने जबाबदार. ते रोज बॅटरीचे व्होल्ट, सुरू केल्याची वेळ आणि बंद केल्याची वेळ लिहितात. कोणती वस्तू जोडायची याची यादी दारावर लावली आहे, आणि तिच्याबाहेरचे काही जोडायचे तर कार्यकारिणीला विचारावे लागते. लग्नासाठी यंत्रणा द्यायची नाही, असा ठराव झाला. पहिल्या वर्षी दोन घरे त्यामुळे रुसली. दुसऱ्या वर्षी त्याच घरांतली मुले वहीत व्होल्ट लिहू लागली.

या वहीचा एक लाभ आम्हाला अपेक्षित नव्हता. विद्यार्थी पाठ्यपुस्तकात व्होल्ट, अँपिअर, वॅट शिकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. येथे तेच शब्द रोज हाताळावे लागतात. ज्या मुलीने आम्हाला पावतीचा प्रश्न विचारला होता, तिने पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम घेतला. नव्या यंत्रणेची जोडणी परवानाधारक वायरमनने केली, पण कागदावरचा हिशोब तिने तपासून दिला. आमची बेरीज एके ठिकाणी चुकली होती, तीही तिने दाखवली.

तात्पर्य इतकेच की, आधी खप कमी करा, मग हिशोब करा, मग विचारा, आणि शेवटी खरेदी करा. वर्गणीत दहा-वीस रुपये देणाऱ्या माणसाचा हा पैसा आहे. तो नीट वापरला गेला, तर आठव्या महिन्यातही, परीक्षेच्या आठवड्यातही दिवा रात्री अकरापर्यंत चालतो. आपल्या गावी अशी यंत्रणा बसवण्याचा विचार असेल, तर वर सांगितलेला चार रकान्यांचा कागद आजच करून पाहावा, ही विनंती. त्याला पैसे पडत नाहीत.